सरळ रेघेचा नळ

एका जंगलात, बाळांनो, सगळं सरळ असलं पाहिजे असा हुकूम होता.

हुकूम सिंहाचा. सिंहाला त्यातलं फारसं काही गम्य नव्हतं. एकदा दुपारी जांभई देताना समोरची वाकडी बाभळ त्याच्या डोळ्यांत खुपली. "हे काय वाकडं," असं तो म्हणाला आणि झोपला. जागा झाला तोवर सरळता समिती स्थापन झाली होती. अध्यक्ष कोल्हा.

समितीनं झपाट्यानं काम सुरू केलं. सापाला नोटीस गेली. खेकड्याची बढती अडकली. हरणांकडून शिंगांबद्दल खुलासा मागवला. पोपटाच्या चोचीचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. बाभळ तेवढी जागच्या जागी राहिली, कारण तिला काटे होते.

हसू नका. तुमच्या घरीही अशी समिती असेल, तिला नाव दिलेलं नसेल एवढंच.

तर या जंगलात एक कडा होता. कड्यावर बारमाही झरा, आणि कड्याखाली एक तळं. झऱ्याचं पाणी तळ्यात पडायचं आणि तळं त्याच्यावर जगायचं. एका उन्हाळ्यात कड्याचा एक तुकडा ढासळला. झऱ्याची वाट बदलली. पाणी पलीकडच्या खडकांत जाऊन भेगांमध्ये जिरायला लागलं, आणि इकडे तळं आटू लागलं.

तळ्यात कासवआबा राहायचे, सगळ्या गोतावळ्यासकट. यंदाची पिल्लं अजून मऊ पाठीची होती. मोठी कासवं चालत चालत दुसरं पाणी गाठतील, पण पिल्लांना वाटेतच घारी उचलतील. हे सगळ्यांना कळत होतं. घारींनाही कळत होतं. त्या रोज थोड्या खालून फिरायला लागल्या होत्या.

दरबारात ठरलं की झऱ्यापासून कड्याच्या कडेनं पत्र्याचा नळ आणायचा आणि टोकाशी तो खाली वळवून तळ्यात सोडायचा. सरळ नळ कुणीही करेल. पत्रा गुंडाळला, शिवण ठोकली, झाला नळ. पण वळण कोण करणार?

जंगलात ते काम एकटीच करायची. खवलाबाई.

खवलाबाई म्हणजे खवले मांजर. अंगभर पत्रेच पत्रे घेऊन जन्माला आलेली. ती हे काम कुणाकडे शिकली नव्हती. शिकवायला होतंच कोण? लहानपणी ती भ्यायली की अंगाचा गोळा करायची आणि भीती गेली की उलगडायची. गोळा असताना पाठीवरची खवल्यांची ओळ कशी दिसते आणि उलगडल्यावर तीच ओळ कशी दिसते, हे तिनं बघून ठेवलं होतं. गोल वस्तू सपाट केली की तिच्यावरची रेघ बदलते. सपाट वस्तू गोल केली की रेघ पुन्हा बदलते. एवढ्या भांडवलावर तिनं नरसाळी केली, पिंपं केली, घुबडाच्या ढोलीला पावसाळी छज्जासुद्धा करून दिला.

आणि केलं की ती सांगायची. नरसाळं न्यायला आलेल्याला नरसाळं हातात पडण्याआधी त्याची सगळी कथा ऐकावी लागे.

"सपाट पत्र्यावर हे कसं दिसतं माहितीये का तुला? अर्धवट खाल्लेल्या भाकरीसारखं. येतं का तुझ्या डोक्यात? नाही ना? माझ्या येतं."

गिऱ्हाईक नरसाळं घेऊन पळत सुटे.

आता त्या जंगलात नियम असा होता की समितीचा शिक्का बसल्याशिवाय पत्र्याला कातर लावायची नाही. खवलाबाईनं पत्रा अंगणात पसरला. नळाच्या वेढ्याइतकी लांबी मोजून तिचे सारखे भाग पाडले, प्रत्येक भागावर उंची खुणावली आणि खुणा जोडत गेरूनं रेघ काढली. रेघ डाव्या कडेपासून चढत गेली, मधोमध शिखर झालं, आणि उजव्या कडेपर्यंत उतरली. अगदी डोंगर.

कोल्हा उजाडताच काखेत लाकडी पट्टी घेऊन आला. त्याच्यामागे समितीचा शिपाई, रानडुक्कर.

"हे काय?"

"नळाच्या वळणाचा बेत. असे दोन तुकडे करायचे आणि तोंडाला तोंड लावायचं."

"ही रेघ अशी चढली का?"

"कारण पुढे तिला उतरायचंय."

"मस्करी नको, बाई. ही वाकडी आहे."

"आत्ता आहे. पत्रा गुंडाळला की सरळ होईल."

"म्हणजे आधी गुन्हा करणार आणि मग सुधारणार," कोल्हा म्हणाला. "समितीला हे चालत नाही."

खवलाबाईनं दात आवळले. तिनं वीतभर बांबू घेतला आणि त्याचं टोक एका झटक्यात तिरकं छाटलं. "साहेब, बाजूनं बघा. हा काप सरळ आहे की नाही?"

कोल्ह्यानं पट्टी लावली. "सरळ."

तिनं बांबूभोवती केळीच्या पानाचा एक वेढा दिला, कापाच्या कडेकडेनं पान कातरलं आणि उलगडून जमिनीवर ठेवलं. पानाची कड डोंगरासारखी चढली होती आणि उतरली होती.

"हे पान वाकडं आहे," कोल्हा म्हणाला. "दुसरं घे."

तिनं दुसरं घेतलं. तेही तसंच निघालं.

"केळ कुणाची आहे ही?" कोल्ह्यानं विचारलं, आणि केळीवर नोटीस काढायला सांगितली.

तुम्ही घरी मुळ्यावर करून बघा, बाळांनो. आई रागावली तर म्हणा, भूमिती चाललीये. तरीही रागावली तर ती समितीत आहे असं समजा.

शेवटी कोल्ह्यानं निकाल दिला. "पत्रा दरबाराचा आहे. दरबाराच्या पत्र्यावर वाकडी रेघ चालणार नाही. उद्यापर्यंत सरळ रेघ आखा, नाहीतर पत्रा कोठारात जमा."

"मग तुम्हीच करा नळ," खवलाबाई म्हणाली. आत गेली आणि अंगाचा गोळा करून बसली.

दुपार कलल्यावर दाराशी काहीतरी घासल्याचा आवाज आला. कासवआबा चढ चढून आले होते. सकाळीच निघाले होते म्हणे.

"बातमी कळली," ते म्हणाले.

"कळली ना? मग सांगा त्या कोल्ह्याला. तुमचं वय बघून तरी ऐकेल."

"मी तुझी बाजू घ्यायला आलो नाहीये."

गोळ्यातून एक डोळा बाहेर आला.

"तू बरोबर आहेस ते मला ठाऊक आहे," आबा म्हणाले. "पण तू नुसती बरोबर असून माझ्या पिल्लांना त्याचा काय उपयोग? चिखल वाळत चाललाय, बाई."

"म्हणजे मी चुकीचं काम करू? वळण सरळ कापलं तर नळाची तोंडं एका बाजूनं टेकतील आणि दुसऱ्या बाजूनं आ वासतील. पाणी सगळं बाहेर."

"काप तुझ्याच डोक्यानं. पण गेरूनं सरळ रेघ आख. शिक्का घे. तो गेला की तुझी रेघ काढ."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तर गप्प बस."

गोळा हळूहळू उलगडला.

"आबा, मी आजवर कधी गप्प बसले नाही."

"ते साऱ्या जंगलाला ठाऊक आहे. म्हणून तर एवढा चढ चढून सांगायला आलो."

दुसऱ्या दिवशी खवलाबाईनं गेरूची सरळ रेघ आखली. अशी सरळ की कोल्हा तिच्याकडे बघतच राहिला. त्यानं पट्टी लावली, मान डोलावली आणि शिक्का मारला. जाताना म्हणाला, "बघा, मनात आणलं की जमतं."

खवलाबाईनं जीभ दातांखाली धरली. चांगली धरली, रक्त आलं.

तो दिसेनासा झाल्यावर तिनं नखानं पत्र्यावर ओरखडा काढला. चढत, शिखर, उतरत. शिवणीच्या दुमडीसाठी कडेला बोटभर पत्रा जास्तीचा सोडला. ओरखड्यावरून कातर चालवली. ओंडक्यावर पत्रा वळवला, लाकडी मोगरीनं ठोकून शिवण बसवली. दुसरा तुकडाही तसाच केला. मग दोन्ही तोंडं एकमेकांना लावली. बसली. मुंगीचा पाय अडकणार नाही अशी बसली. वरून वितळलेल्या कथलाची झाळ दिली आणि नळाला काटकोनात वळण मिळालं.

नळ कड्यावर चढवला. झऱ्याचं पाणी त्यात शिरलं, खळखळत कडेनं आलं, वळणावर क्षणभर घुमलं आणि खाली तळ्यात पडलं. वळणावर एक थेंब बाहेर आला नाही. चिखलात रुतलेल्या पिल्लांनी माना वर केल्या. घारी जरा वरून फिरायला लागल्या.

मग काय, समारंभ. सिंह आला. सगळं जंगल कड्यावर जमलं. कोल्ह्यानं भाषण केलं.

"काही टीकाकार म्हणत होते की वळणासाठी वाकडं कापावं लागतं. महाराज, आपणच पाहा." त्यानं नळाच्या सांध्यावर बाजूनं पट्टी टेकवली. "हा सांधा. सुतासारखा सरळ. सरळ कापलं, म्हणून सरळ बसलं."

आणि खरंच, बाळांनो, बाजूनं बघितलं की सांधा सरळच दिसत होता. तिरका, पण सरळ. वाकडं कापलं म्हणून तो सरळ बसला होता. पण ते दिसणार कसं? ते गुंडाळलेल्या पत्र्याच्या आत होतं.

टाळ्या झाल्या. पट्टीला हार घातला. मग कोल्हा म्हणाला, "आता कारागीर दोन शब्द बोलतील."

खाली तळ्याच्या काठावरून कासवआबांनी नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली. पण त्यांची मान एका बाजूला पोचेपर्यंत खवलाबाई पुढे येऊन बोलूही लागली होती.

"हा नळ वाकडा कापलाय," ती म्हणाली. "मी कापलाय. गेरूची रेघ नुसती दाखवायला होती. तिच्यावरून कापलं असतं तर आज तुम्ही सगळे भिजून घरी गेला असता."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"किती विनम्र," हरीण शेजारणीला म्हणालं. "एवढं नामी काम केलं, तरी म्हणतेय वाकडं झालंय."

खवलाबाईला लोकांनी भांडखोर म्हटलं होतं, तोंडाळ म्हटलं होतं, घमेंडखोर तर रोजच म्हणायचे. विनम्र कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या अंगावरचे सगळे खवले उभे राहिले.

"विनम्र असेल तुझी सासू," ती ओरडली. "मी सांगतेय, यानं शिक्का मारला आणि याची पाठ वळल्यावर मी नखानं माझी रेघ काढली. तुमच्या समितीला यातलं शून्य कळतं."

आता टाळ्या थांबल्या. सिंहाची जांभई अर्ध्यावर राहिली.

"खरं काय ते?" त्यानं कोल्ह्याला विचारलं.

कोल्हा एक पाऊल मागे सरकला. पण अध्यक्ष उगीच होत नाही कुणी. "सोपं आहे, महाराज. सांधा उकलू, पत्रा उलगडू, पट्टी लावू. कड सरळ निघाली तर बाई खोटी. वाकडी निघाली तर नळ बेकायदा. तो काढून टाकू."

"उलगडा," सिंह म्हणाला.

रानडुक्कर पुढे झालं. त्यानं आपला सुळा सांध्याच्या झाळेवर ठेवला.

खवलाबाई बघत होती. आत्ता पत्रा उघडेल. तो डोंगर साऱ्या जंगलासमोर पसरेल. एकेक भाग, एकेक उंची, सगळं जसंच्या तसं. आयुष्यभर ती दारोदार ओरडून जे सांगत आली, ते आता हे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. कोल्ह्याचा चेहरा बघण्यासारखा होईल.

खाली तळ्यात जेमतेम ढोपरभर पाणी जमलं होतं. पिल्लं नळाच्या धारेखाली एकमेकांना ढकलत होती. कासवआबांनी डोकं पाठीत ओढून घेतलं होतं.

झाळ कर्रकन वाजली.

"थांबा," खवलाबाई म्हणाली.

सगळे वळले.

"सरळच कापलाय. गेरूच्या रेघेवरून. मी खोटं बोलले."

"का?" सिंहानं विचारलं.

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. मग ती म्हणाली, "मला मोठेपणा मिरवायची खोड आहे, महाराज."

हे मात्र सगळ्या जंगलाला तत्काळ पटलं. मघाशी खरं सांगताना घसा कोरडा झाला तरी एकालाही पटलं नव्हतं. आता एका वाक्यात सगळ्यांनी माना डोलावल्या. हरीण म्हणालं, "मला तर आधीच वाटलं होतं."

शिक्षा म्हणून तिनं पट्टीपुढे डोकं टेकवून माफी मागावी असं ठरलं. ती पुढे गेली. हाराखाली पट्टी ठेवली होती. खवलाबाई इतक्या जवळ वाकली तेव्हा तिला दिसलं की पट्टीच मधून पोक आल्यासारखी वाकलेली आहे. पावसात भिजली असेल कधीतरी.

ती काही बोलली नाही. डोकं टेकवलं आणि घरी गेली.

पुढे त्या पद्धतीला कोल्ह्याचं नाव दिलं. जंगलभर नळ घालायचे ठरले. हरणांच्या पाणवठ्याचा नळ रानडुकराला मिळाला, बक्षीस म्हणून. रानडुक्कर मनानं निर्मळ होतं. त्यानं सरळ रेघ आखली, शिक्का घेतला आणि बरोब्बर रेघेवरून कापलं. नळाची तोंडं एका बाजूनं टेकली, दुसऱ्या बाजूनं त्यांनी आ वासला. पाणी सगळं उद्घाटनाच्या मांडवात.

चौकशी झाली. रेघ फार बारीक होती असा अहवाल आला. यापुढे जाड आखावी असं ठरलं आणि हलगर्जीपणाबद्दल रानडुकराला कामावरून काढलं.

ते रडत खवलाबाईकडे आलं. "बाई, मी रेघ सोडून केसभरही इकडेतिकडे गेलो नाही. तुम्ही केलंत तसंच केलं."

खवलाबाईनं दाराबाहेर दोन्हीकडे बघितलं. मग त्याला आत घेतलं, दार लावलं आणि जमिनीवर पत्र्याचा तुकडा टाकला.

"बस," ती म्हणाली. "आणि इथं ऐकलेलं बाहेर बोललास तर सुळे उपटीन."

त्यानंतर त्या जंगलात जो जो पत्र्याचं काम शिकला, तो गेरूची सरळ रेघ छान जाड आखायला शिकला, आणि शिक्का बसल्यावर नखानं दुसरी काढायलाही शिकला. एकही वळण गळत नव्हतं. शेजारच्या जंगलातून शिष्टमंडळ आलं. त्यांनी सरळ रेघेचा बारकाईनं अभ्यास केला, कोल्ह्याला शाल दिली आणि परत जाऊन रेघेवरून कापायला सुरुवात केली. तिकडे आता पाण्याचे फार हाल आहेत म्हणतात.

पावसाळ्याच्या तोंडाशी कासवआबा पुन्हा चढ चढून आले. पिल्लांच्या पाठी टणक झाल्याचं सांगायला.

"झाल्या का," खवलाबाई म्हणाली. "बरं झालं."

"त्या दिवशी पट्टीपुढे डोकं टेकवलंस."

"टेकवलं."

"राग येतो?"

"रोज येतो."

"मग काय करतेस?"

"तळ्यावर येते. पाणी पडताना बघते."

"मग जातो राग?"

"कुठला जातोय," खवलाबाई म्हणाली. "पाणी काय माझं नाव घेऊन पडतं का? पण बघते. पोटभर बघते, आणि तशीच रागारागानं घरी येते."

आबा वळले. त्यांना उतारावरून परत जायचं होतं, आणि अंधार पडायला आता फक्त एक दुपार शिल्लक होती.

तात्पर्य: बाळांनो, नेहमी सरळ रेघ आखावी. सरळ रेघेनं कुणाचंही काही बिघडत नाही, जोवर तिच्यावरून कुणी कापत नाही.